पट्ट्यांचा नाइटसूट

शालिनीबाईंच्या हिशेबी माणसं दोनच प्रकारची. एक घरात असलेली, दुसरी बाहेर पडलेली. घरातल्या माणसाला केव्हाही हाक मारावी, आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, नारळ किसायला बसवावं, विहिरीवर पिटाळावं. बाहेर पडलेल्याला मात्र पाठीमागून हाक मारायची नाही, त्याचं काम फसतं. गोव्यातल्या धारगळच्या त्या घरात हे कुणी कुणाला शिकवत नसे, आपसूक येत असे. घरात बसून कामाला गेलेलं माणूस हा तिसरा प्रकार त्यांच्या सुनेने, पूनमने, आणला आणि सगळी पंचाईत झाली.

पूनम बेळगावकडची. मराठी येते तशी कानडीही येते, म्हणून टाळेबंदीत तिला एका विमा कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकायचं काम मिळालं. नवरा सिद्धेश हरमलच्या लॉजवर कामाला होता. लॉज बंद पडलं आणि तो हळर्णला मामाच्या शेतावर राबायला जाऊ लागला. तेव्हा नोकरीची गरज होतीच. पण खरं सांगायचं तर पूनमला हे काम आवडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत होतं.

भाताची पोती ठेवायच्या मागच्या खोलीत ती लॅपटॉप घेऊन बसे. अंगात मॅक्सी, खांद्यावर टॉवेल. आता अशा अवतारातल्या बाईला कामावर आहे असं कोण म्हणेल? एकदा अथणीची एक म्हातारी नवऱ्याच्या विम्यासाठी रडत होती, पूनम तिला धीर देत होती, आणि दारातून शालिनीबाई नारळाची कवड घेऊन आत.

"गो पूनम, आदोळी खंय घातलंस?"

म्हातारी रडायची थांबली. तिने कानडीत विचारलं, "कोण आलंय ग?"

ते सगळं बोलणं रेकॉर्ड झालं होतं. पुण्याहून तिच्या साहेबांचा, विजय सरांचा, फोन आला. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी साफ सांगितलं, "पूनम, मागे पाववाल्याचा भोंपू ऐकला, सोडून दिलं. आता ही आदोळी. सोमवारी मी स्वतः दिवसभर तुमचे कॉल ऐकणार आहे. घरातला आवाज आला, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

पूनमने सासूला समजावलं. शालिनीबाईंनी मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि तासाभराने विहिरीवरची बादली आणायला तिलाच हाक मारली. त्यात दुष्टपणा काडीचा नव्हता. डोळ्यांसमोर सून मॅक्सीत दिसते आहे, म्हणजे ती घरात आहे, एवढाच त्यांचा हिशेब.

मग पूनमच्या डोक्यात आलं की सगळी गोम कपड्यांत आहे. तिने दुसऱ्या दिवशी ठेवणीतला पंजाबी ड्रेस घातला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "घरात बसान बरे कपडे कित्याक मळयतंस?" तो ड्रेस दुपारच्या आत पेटीत परत गेला. साडी नेसून त्या कोंदट खोलीत दिवसभर बसणं तिच्याच्याने होईना. म्हणजे अंगाला मॅक्सीसारखं सैल, मळलं तरी चालेल असं, आणि तरी बघणाऱ्याला बाहेरचं वाटेल, असं काहीतरी हवं होतं. असं कापड जगात असतं का, याचंच तिला कुतूहल लागलं.

सिद्धेशने हरमलहून एक गाठोडं आणलं होतं. परदेशी पाहुणे घाईघाईने विमान पकडायला पळाले, तेव्हा खोल्यांत राहिलेले कपडे मालकाने नोकरांना वाटून टाकले. पूनमने ते उपसलं. घेरदार विजारी, झिरझिरीत झगे, आणि तळाशी कुणा उंच म्हाताऱ्याचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सुती नाइटसूट. वर कॉलरवाला शर्ट, खाली पायजमा, छातीवर खिसा आणि खिशावर रेशमाने भरलेली दोन अक्षरं.

शालिनीबाई जवळ येऊन बसल्या. "हो रात्रीचो कपडो मगे? झोपताना खिसो कित्याक? सपनात पैशे लागतत?"

पूनम हसत सुटली. पण प्रश्न तिलाही पडला. हा माणूस कोण असेल, झोपताना खिशात काय ठेवत असेल, आणि आता कुठल्या गावी कशात झोपत असेल? ती अक्षरं उसवायला तिचा हात धजेना. ती तशीच ठेवून तिने बाकीचा सूट कामाला घेतला. बाह्या कोपरापर्यंत आणल्या, खांदे आत घेतले, पायजम्याची लांबी कापून उरलेल्या पट्टीने कॉलर दुपदरी केली.

शालिनीबाई म्हणाल्या, "कापड मऊ पडलाहा. म्हणान रात्रीचा दिसता."

त्यांनीच मग पेजेचं पाणी गाळून सूट त्यात बुडवला, वाळवला, इस्त्री केली. सूट असा कडक झाला की टेकवून ठेवला तर उभा राहावा. बटणं कुठली लावायची यावर दोघींचा वाद झाला, आणि सासूबाईंनी पेटीतल्या एका जुन्या कोटाची काढून दिली. सासू-सुनेची इतकी गट्टी लग्नानंतर पहिल्यांदाच जमली असेल.

शनिवारी पूनम तो सूट घालून कामाला बसली. शालिनीबाईंनी दारातून कौतुकाने पाहिलं आणि म्हणाल्या, "मेमसायब दिसतंस. आता इल्लोसो नारळ किसून दी."

पूनमला रडूच आलं. इतकी मेहनत पाण्यात गेली होती, आणि मध्ये फक्त रविवार होता.

रविवारी सकाळी ती तोंड पाडून ओसरीवर बसली होती. शेजारच्या नंदामावशी यांच्या विहिरीवर पाण्याला आल्या. शालिनीबाईंनी त्यांना तीनदा हाका मारून तीन गोष्टी विचारल्या. थोड्या वेळाने त्याच नंदामावशी, अंगावर तीच साडी, पिशवी घेऊन अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. "येतंय गो शालिनी," म्हणाल्या आणि पेडण्याच्या बाजाराच्या वाटेला लागल्या. तेवढ्यात शालिनीबाईंना मिरच्या आठवल्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"बोलवा की ओ त्यांना," पूनम म्हणाली. "अजून फाटकापाशीच आहेत."

"ती आता भायर पडली. फाटसून साद घालूची नाय."

पूनम एकदम ताठ बसली. साडी तीच होती, विहिरीवर ओली झालेलीसुद्धा! मावशींनी येते म्हणून निरोप घेतला होता, एवढाच काय तो फरक. आणि आपण? आपण कधी घरातून निघालोच नव्हतो. सासूबाईंचं तरी काय चुकलं?

सोमवारी सकाळी तिने पट्ट्यांचा सूट घातला, वेणी घातली, पर्स खांद्याला लावली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

"येतो, आई," ती बेळगावच्या वळणाने म्हणाली.

शालिनीबाई चुलीशी वाकल्या होत्या. वर न बघताच, वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या बोलून गेल्या, "सवकास वच." मग त्यांनी चमकून पाहिलं. पूनम चपला घालून अंगणात उतरली होती. मॅक्सीत हे तिला जमलं नसतं, वाटेवरची माणसं बघत होती. कडक कॉलरीत मान आपोआप ताठ राहिली. घराला वळसा घालून, फणसाखालून, मागच्या दाराने ती भाताच्या खोलीत शिरली आणि कामाला लागली.

दुपारच्या सुमारास दारात सावली पडली. पूनमच्या कानात ग्राहक बोलत होता, त्याच्यामागे कुठेतरी विजय सर ऐकत होते, आणि आदोळी तिच्याच खोलीत, भाताच्या पोत्याला टेकून उभी होती. शालिनीबाईंनी आदोळीकडे पाहिलं. सुनेच्या पाठीकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. सावली आल्या पावली मागे गेली.

जरा वेळाने भिंतीपलीकडून, अंगणातून, नंदामावशींचा दबका आवाज आला. "ही घे माझी आदोळी. तुझी खंय गेली? आणि पूनम दिसणा नाय ती?"

"कामाक गेली ती. सांजेक येतली."

पूनमचे डोळे भरून आले. तिने ग्राहकाला पॉलिसीचा नंबर पुन्हा विचारला.

सहानंतर विजय सरांचा फोन आला. "आज ऑफिसमधूनच बोलत होता असं वाटलं. चालू ठेवा." पूनमने लॅपटॉप मिटला, मागच्या दाराने निघाली, घराला वळसा घातला. पुढच्या पायरीवर पाय धुवायला पाण्याची बादली आणि तांब्या काढून ठेवला होता. हळर्णहून येणाऱ्या सिद्धेशसाठी ठेवतात तसाच.

"इलंस?" शालिनीबाईंनी विचारलं. "चाय ठेवलंय. आज घर कसा सुना सुना लागला गो."

दिवसभर पूनम एका भिंतीपलीकडे होती. आणि आजवर तिची वाट बघत असं कुणी बसलं नव्हतं. तिने पाय धुतले आणि सासूच्या हातचं काम घ्यायला लगबगीने चुलीकडे निघाली.

शालिनीबाईंनी दारात हात आडवा धरला.

"हयसर नको येव," त्या म्हणाल्या. "आदी ते भायरले कपडे बदल."