मोटार पाणी प्याली का?

आमच्या घरी मोटार आली त्या वर्षी आमच्या मालकांची मान ताठ झाली, ती लवकर काही वाकली नाही. मालक म्हणजे माझे यजमान. हिंगोलीत त्यांची कापसाची अडत होती. त्यांचं नाव मी घ्यायची नाही, पुढे दुसरं कुणी घेईल तेव्हा तुम्हाला कळेल. मोटार नवी नव्हती, बदली होऊन गेलेल्या एका साहेबाची होती. पण मालक तिच्याकडे असं बघत की जणू साहेबानं ती यांच्यासाठीच वापरून वापरून मऊ करून ठेवली होती.

परभणी, नांदेड, बसमतकडच्या मोटारवाल्यांची एक मंडळी होती. वर्षातून एकदा-दोनदा कुठल्या तरी गावी जमायचं, गुरुवारी संध्याकाळी पोचायचं, एकमेकांच्या मोटारींची तोंडावर स्तुती आणि पाठीमागे निंदा करायची, आणि आमच्या मुलखात सुट्टी शुक्रवारची, कचेऱ्या बंद, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी मिळून डोंगर-पाणी बघायला निघायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या साली पाळी हिंगोलीची होती. जुन्या छावणीच्या मैदानात लिंबाखाली सात मोटारी उभ्या राहिल्या. तहसीलदारांच्या मोटारीला पडदे होते, नांदेडच्या वकिलांच्या मोटारीवर पितळेची घंटा होती. मी आणि आमची मोलकरीण भिकाबाई दुपारपासून भजी तळत होतो. पण माझं अर्धं लक्ष त्या मोटारींकडेच होतं, कारण एवढ्या मोटारी एका जागी मी पहिल्यांदाच बघत होते आणि एकीचं तोंड दुसरीसारखं नव्हतं.

वकिलांच्या बायकोनं चहा पिता पिता मला विचारलं, "उद्या कुठं न्यायचं ठरलंय? औंढ्याचं देऊळ आमचं झालंय बाई मागच्या खेपेला."

मालक काही बोलायच्या आत मी म्हणाले, "गोरेगावच्या पुढं एक टेकडी हाय. तिथून पैनगंगा दिसते. नदीच्या अल्याड आपला मुलूख, पल्याड वऱ्हाड. दोन राज्यं येका जागी उभं राहून दिसतात."

ती टेकडी मी जन्मात पाहिली नव्हती. आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. पण दोन राज्यं एका नजरेत म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे चमकले, वकिलांनी तिथल्या तिथं ठराव पास केला. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की भज्यांचं तेल गार व्हावं. पाहुण्यांदेखत त्यांना काही बोलता येईना. गोरेगावला आमची एकुलती एक लेक रुख्मा दिलेली होती, आणि त्या गावात पाऊल टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं.

त्याचं कारण सांगते. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. सगळेच पाळतात. आमच्या मालकांनी मात्र ती ताणून ताणून तुटायला आणली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते बैलगाडी घेऊन रुख्माला आणायला गेले. स्वतः घोटभर पाणी प्याले नाहीत, ते ठीकच. पण आमचे व्याही ग्यानबा यांनी दमलेल्या बैलांपुढे बादली ठेवली, तर यांनी ती उचलून गावादेखत मातीत ओतली. म्हणाले, "बैल माझे, म्हणजे तोंड बी माझंच."

ग्यानबा काही कमी नव्हते. ते म्हणाले, "मुक्या जनावरानं कोणतं पाप केलं? माझं पाणी मातीत गेलं ना? मग ऐका. तुमच्या घरचं कोणतंबी तोंड माझ्या विहिरीचं पाणी पिईल, त्या दिवशी पोरीला माहेरी धाडीन. तवर न्हाई."

मालक रिकामी गाडी घेऊन परत आले. दोन दिवाळ्या गेल्या, दोन नागपंचम्या गेल्या. रुख्माला लेकरू झालं नाही, जावई बापापुढे बोलायचा नाही, आणि मला एकटीला कुणी जाऊ देईना. पोरीची आठवण आली की मी तिच्या पेटीतली लुगडी उन्हात घालायची आणि पुन्हा घडी करून ठेवायची. गोरेगावच्या रस्त्यानं मोटार गेली तर निदान ती कुठं तरी उभी दिसेल, एवढाच माझा बेत होता. याच्या पुढचं काही मला सुचलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. फाल्गुन लागला होता, पळस नुसता पेटला होता, आणि वकिलीणबाई प्रत्येक झाडाला हात करत होत्या. आमची मोटार सगळ्यांच्या मागं. यजमानानं पुढं जाऊन पाहुण्यांना धूळ खायला लावू नये, म्हणून ती सगळी आमच्या वाट्याला. ओढ्यापाशी वकिलांची मोटार तापली. मालकांनी आमचा पाण्याचा डबा काढून दिला. "घ्या की. आमची मोटार पाणी मागत न्हाई," असं वर म्हणाले. आमचा ड्रायव्हर नासेर नुसता खाकरला.

गोरेगाव जवळ आलं तसे मालक ताठ बसले. नासेरला म्हणाले, "भोंगा वाजवू नको. थांबायचं बिलकूल न्हाई." मला म्हणाले, "पदर पुढं घे."

मी पदर पुढं घेतला आणि त्याच्या आडून डोळे फाडून बघायला लागले. गावाच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून ग्यानबांचं शेत. विहिरीवर मोट चालू होती. पुढच्या सहा मोटारी धुरळा उडवत निघून गेल्या. आमची मात्र त्या विहिरीसमोर आली, फसफसली, नाकातून वाफ सोडली आणि उभी राहिली. देव आहे असं मला त्या दिवशी वाटलं, आणि त्याला चेष्टा करायला आवडतं असंही वाटलं.

"मालक, पाण्याबिगर न्हाई चालायची," नासेर म्हणाला. "तशीच हाणली तर इंजिन जाईल."

"गावातून आण."

"गावचे आड आटले, मालक. समदं गाव ह्याच विहिरीवरून पाणी नेऊन राहिलं."

तोवर ग्यानबा मोट सोडून रस्त्यावर आले. आधी आमच्याकडे बघितलंच नाही त्यांनी. हात पाठीमागे बांधून मोटारीभोवती एक पुरी फेरी मारली, वाकून खाली बघितलं, चाकाला बोट लावून बघितलं.

"बाकीच्या भर्रकन गेल्या, बघू बी देल्या न्हाईत," ते म्हणाले. "ही बरी थांबली. राम राम, संतरामजी."

घेतलं त्यांनी नाव. मालकांनी नुसती मान हलवली.

"काहून थांबली?" ग्यानबांनी नासेरला विचारलं.

"तहानली."

"तहान लागते व्हय हिला? मग तोंड कुठं हाय?"

नासेरनं फडकं गुंडाळून पुढचं टोपण काढलं. वाफेचा लोट आला तसे ग्यानबा मागं सरले, पण लगेच पुन्हा पुढं होऊन आत डोकावले. शेतातली चार माणसंही आली, तीही डोकावली. एकानं विचारलं, ही किती पिते. अर्धी घागर, नासेर म्हणाला. बैलापरीस कमी, असं सगळ्यांचं मत पडलं.

मग ग्यानबा सरळ उभे राहिले. "पाणी लई हाय, संतरामजी. हवं तेवढं न्या. पण एक गोष्ट मला कळू द्या. बैल तुमचे म्हणून तोंड तुमचं, असं तुमी बोलला व्हता. मग ही मोटार कोणाची?"

मालकांचा चेहरा मी बाजूनं बघत होते. मोटार माझी म्हणावं तर रीत मोडते. माझी नाही म्हणावं तर मान जाते. पण अडतीवर सौदे करून करून त्यांची अक्कल अशा वेळी फार चालते. त्यांनी नासेरला विचारलं, "हे पाणी इंजिनच्या पोटात जातं का?"

"न्हाई, मालक. पोटात पेट्रोल जातं. पाणी भवतीनं फिरून तिला गार करतं."

"ऐकलं? मोटार पाणी पीत न्हाई," मालक म्हणाले. "ती आंघोळ करते."

ग्यानबांनी त्यावर खरोखरच विचार केला. पुन्हा टोपणातून आत बघितलं. नासेरला दोनदा विचारून घेतलं, की पाणी नक्की भवतीनंच फिरतं ना. शेवटी म्हणाले, "बराबर हाय. ही आंघोळच झाली. आंघोळीला कोण ना म्हणतं? घ्या पाणी." आणि घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, घागर आण."

दोघंही खूश दिसले. एकाची रीत राहिली, दुसऱ्याचा शब्द राहिला, मोटारही चालू होणार होती. फक्त माझी पोर तिथंच राहणार होती. हे त्या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. मला असा संताप आला की कानशिलं तापली.

रुख्मा डोक्यावर घागर घेऊन बांधावरून आली. मला बघून तिचे पाय थांबले. सासऱ्यापुढे बोलायचं नाही म्हणून ती बोलली नाही, पण घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडलं. तिनं घागर नासेरच्या हातात दिली. त्यानं अर्धी मोटारीत ओतली आणि उरलेली खाली ठेवली.

मी मोटारीतून उतरले. व्याह्यांपुढे मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. मालक म्हणाले, "कुठं निघाली?" मी रुख्मापाशी गेले, खाली वाकले आणि तिच्यापुढे ओंजळ धरली.

"घाल," मी म्हणाले.

तिनं सासऱ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग घागर उचलली आणि वाकडी केली. मी प्याले. पाणी मचूळ होतं, खोटं कशाला सांगू. ओंजळ संपली तशी मी पुन्हा पुढं केली आणि पुन्हा प्याले.

मग ग्यानबा हळूच म्हणाले, "विहीणबाई, ही काही आंघोळ न्हाई."

"न्हाई," मी म्हणाले. "मी प्याले. बैलाचं तोंड त्यांच्या घरचं, तर माझं बी त्यांच्याच घरचं हाय. बैल तर बाजारातून आणले. मला लगीन करून आणलंय."

शेतातला एकजण हसला आणि मग दुसरीकडे बघायला लागला. ग्यानबांनी मालकांकडे बघितलं. मालक आपल्या जोड्यांवरची धूळ बघत होते.

"शबुद म्हंजे शबुद," ग्यानबा म्हणाले. "जा सूनबाई, लुगडं बदलून ये. होळी करून ये माहेरी." रुख्मा पळालीच. तिच्या पाठीकडे बघून ते पुढं म्हणाले, "मलाबी तकलीफ झाली न्हाई असं न्हाई. दोन साल झाले, पोर सणाला दारात उभी राहून रस्ता बघायची." मग जरा घुटमळले आणि नासेरला म्हणाले, "ती येईस्तोवर मी ह्याच्यात बसून पाहू का?"

बसले. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, सरळ समोर बघत. नासेरनं भोंगा दाबू दिला तेव्हा मोटेचे बैल बुजले आणि ग्यानबा लहान पोरासारखे खुदकन हसले. उतरताना त्यांनी आमच्याकडचा दुसरा रिकामा डबा मागून घेतला आणि विहिरीवरून भरून आणून दिला, पुढं चढ आहे म्हणून.

रुख्मा माझ्या शेजारी बसली आणि माझा हात तिनं असा धरला की बांगड्या रुतल्या. मालक वाटेत एकदाच बोलले, तेही मागं न बघता. "लेकराच्या आधी पाणी प्याली तू. पोरीचं काही वाईट झालं तर?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. ते घाबरले होते. खरं सांगायचं तर मीही घाबरले होते, पण पोरीचा हात हातात होता, तो मी सोडला नाही.

टेकडी निघाली एक. पाहुणे वर पोचून सतरंज्या टाकून बसले होते आणि नदी कोणती यावर भांडत होते. फाल्गुनातली धूसर हवा, लांबवर एक पांढरी रेघ, ती पैनगंगा की गाडीवाट हे काही ठरेना. तहसीलदार म्हणत होते, त्यांना वऱ्हाडातली माणसं दिसतायत. वकिलीणबाईंनी मला विचारलं, "तुम्हाला दिसतंय ना?" मी म्हणाले, "दिसतंय की." मी रुख्माकडे बघत होते.

मालक कुणात बसले नाहीत. मोटारीच्या सावलीत उभे होते. ऊन चढलं होतं, त्यांनी सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी मोटारीच्या बाजूच्या फळीवरचा डबा खाली घेतला.

"मालक, ते ग्यानबाच्या विहिरीचं हाय," नासेर म्हणाला.

"ठाऊक हाय." त्यांनी रुख्माला हाक मारली. डबा तिच्याकडे दिला आणि खाली वाकून ओंजळ धरली. या वेळी बैल, मोटार, आंघोळ, काही काढलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "लागायचं ते पाप येकटीला काहून लागावं?"

रुख्मानं डबा एकदम वाकडा केला, निम्मं पाणी त्यांच्या बाहीवर गेलं. ते प्याले, तोंड पुसलं.

"मचूळ हाय," म्हणाले, आणि ओंजळ पुन्हा पुढं केली.