काल एजंट, आज मॅनेजर

पिट्सबर्गच्या ‘रिव्हरमेन’ बास्केटबॉल संघाच्या कार्यालयात त्या हिवाळ्यात एक नवाच खेळ सुरू झाला होता. ड्वेन टिलमन खोलीत आला की सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि तो गेला की सगळ्यांनी तोंड उघडायचं! बरं, ही काही टवाळ पोरं नव्हती. चांगली केस पांढरे झालेली, मुलंबाळं असलेली माणसं होती.

ड्वेनचा गुन्हा एवढाच, की तो आधी खेळाडूंचा एजंट होता. संघांशी भांडून खेळाडूला जास्तीत जास्त पगार मिळवून द्यायचा, हा त्याचा धंदा. त्याच माणसाला मालक हॅथवे साहेबांनी संघाचा जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंची निवड आणि त्यांचे पगार ठरवणारा माणूस, करून टाकलं.

“इतकी वर्षं आपल्याच खिशात हात घालत होता, आता तिजोरीवरच बसवलाय,” उपमॅनेजर लोर्ना कोवाच कॉफी ओतताना म्हणायची. खुर्ची आपल्याला मिळेल अशी तिला आशा होती. ती हुकली, याचाही सल होताच की! पण हे ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हती.

फेब्रुवारी आला. खेळाडूंच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस उजाडला. कोरी बेलफोर्डला पश्चिमेकडच्या एका संघाला द्यायचं आणि त्याच्या बदल्यात एक उंच तरुण खेळाडू घ्यायचा, अशी बोलणी चालू होती. बेलफोर्ड हा ड्वेनचा जुना खेळाडू, अगदी कॉलेजपासूनचा. व्यवहार पक्का होईपर्यंत कुणाला वारा लागू द्यायचा नाही, हा तर या धंद्याचा पहिला नियम.

आणि सकाळी ऑफिसला येताना लोर्नाने काय पाहावं? बेलफोर्डच्या घरासमोर ड्वेनची गाडी!

म्हणजे हा आधीच जाऊन सांगून आला! बेलफोर्डने आता आरडाओरडा केला, समोरचे बिथरले, तर सगळाच खेळखंडोबा. तिने गाडी कडेला घेतली आणि तिथूनच मालकांना फोन लावला.

“साहेब, कुठेतरी पाणी मुरतंय. हा माणूस अजून एजंटच आहे.”

“खात्री आहे तुझी?” हॅथवे साहेबांचा आवाज थंड झाला. “दुपारी दोघंही माझ्याकडे या. खरं निघालं तर आजच त्याला घरी बसवतो.”

फोन ठेवला, पण चैन पडेना. ऑफिसात बसवेना, फोन हातातून सुटेना. शेवटी ती उठली आणि जवळच राहणाऱ्या वडिलांकडे गेली. म्हातारे मिलान कोवाच पोलादाच्या कारखान्यात आधी कामगारांचे पुढारी होते, नंतर तिथेच सुपरवायझर झाले. ते कांद्यावर पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, परतत होते. लोर्नाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

“त्याला विचारलंस?” वडिलांनी एवढंच विचारलं.

“विचारायचं काय बाबा? गाडी डोळ्यांनी पाहिली मी!”

“गाडीच पाहिलीस ना? आत काय बोलणं झालं ते ऐकलंस?” त्यांनी गॅस बंद केला. “मला सुपरवायझर केलं ना, त्या दिवसापासून आपल्या गल्लीतला एक माणूस माझ्याशी धड बोलला नाही. फितूर म्हणाले. आणि साहेब लोक? मी आत शिरलो की ते कागद उलटे ठेवायचे. अगं, मधल्या मध्ये वाळत पडलो होतो मी! तुझी आई सोडली तर बोलायला कुणी नव्हतं.”

“पण त्याचा स्वार्थ असू शकतो ना?”

“असेल की! डोळे उघडे ठेव, चोरी केली तर मान धर त्याची. पण आधी चोरी झालीय का ते तरी बघ.”

लोर्ना न जेवताच निघाली.

मालकांच्या खोलीत ड्वेन आधीच येऊन बसला होता. हॅथवे साहेब बोलणार एवढ्यात लोर्नानेच तोंड उघडलं. “ड्वेन, सकाळी तुम्ही बेलफोर्डकडे का गेला होतात?”

“त्याला घालवतोय हे सांगायला.” ड्वेनने मान वर केली. “काल रात्री उशिरा समोरच्यांनी सह्या केल्या, व्यवहार पक्का झाला. आपल्या वकिलांना विचारूनच गेलो. मी एजंट असताना संघवाले मला कधीच वेळेवर कळवायचे नाहीत. माझ्या एका खेळाडूला आपल्याला दुसऱ्या संघाला दिल्याचं न्हाव्याच्या खुर्चीत कळलं, समोरच्या टीव्हीवर. अर्धे केस कापलेले आणि दुकानातले सगळे त्याच्याकडे बघतायत! तेव्हाच ठरवलं, आपल्या हातात असेल तेव्हा असं होऊ द्यायचं नाही.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“कधी सांगू? मी आलो की तुम्ही सगळे गप्प होता.”



“बेलफोर्ड काय म्हणाला?” हॅथवे साहेबांनी विचारलं.

ड्वेन खिडकीबाहेर बघत राहिला. “त्याच्या मुलाला माझं नाव ठेवलंय त्याने. ‘तू माझा माणूस होतास,’ म्हणाला. आणि दार लावून घेतलं.”

अरे देवा! ज्याच्यासाठी हा माणूस बेइमानी करतोय असं आपण छातीठोक सांगितलं, त्यालाच हा संघासाठी गमावून आला होता!

“साहेब, चूक माझी आहे,” लोर्ना म्हणाली. “न विचारता मी यांच्यावर आळ घेतला. खुर्ची मला हवी होती, म्हणून मला यांचं सगळंच वाकडं दिसत होतं.” मग ड्वेनकडे वळली. “पण पुढच्या वेळी मला सांगून जा. मी गप्प बसले असले तरी सांगा.”

“सांगेन,” ड्वेन म्हणाला. हॅथवे साहेबांनी चष्मा पुसला आणि दोघांनाही कामाला लागायला सांगितलं.

वाचकहो, नोकरी बदलली, बाजू बदलली, म्हणून माणसाची नियत बदलत नाही. संशय घ्यायचाच तर जरूर घ्या, पण पाठीमागे कुजबुजण्याआधी समोर जाऊन एकदा विचारा! माणूस आधी कुठल्या बाजूला बसत होता यावरून त्याचा निवाडा करू नका, आज तो काय करतो ते पाहा.

रिव्हरमेनमध्ये आता खेळाडूला बातमी त्याच्या दारात जाऊन सांगतात, आणि बहुतेक वेळा लोर्नाच जाते. बेलफोर्डने मात्र अजून ड्वेनचा फोन उचललेला नाही. तरी आपलं नाव ठेवलेल्या त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला ड्वेन फोन लावतोच.