काडतुसांच्या डब्यातला दाणा

रिकाम्या डब्याच्या कोपऱ्यात तांदळाचा एक दाणा अडकला होता — पिवळट, टोकाला मोडलेला. ग्रेगरीने तो नखाने काढून तळहातावर घेतला. काडतुसांच्या डब्यात तांदूळ कसा? याआधीही दोन-तीनदा सापडला होता, आणि प्रत्येक वेळी त्याने उंदरांना शिव्या घातल्या होत्या.

काडतुसं आणि पप्पांची बंदूक, दोन्ही निवडणुकीआधी नियमाप्रमाणे पोलीस स्टेशनात जमा केली होती. आज परत आणायची शेवटची तारीख. पप्पांनी तिच्या धाकावर येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या भातातून रानडुकरं हाकलली... आता त्या भातावर सोळा मजले उभे आहेत. तरी बंदूक हवी. का हवी? भिंतीवरचे दोन खिळे रिकामे दिसतात म्हणून?

काल जोॲनचा फोन आला होता. जपानात नोकरीला गेलेली त्याची मुलगी. तिच्या शेजारचा म्हातारा शेतकरी डुकरांसाठी बंदूक बाळगतो, आणि परवान्याच्या चौकशीला पोलीस चक्क हिच्या दारात आले — हा माणूस भांडतो का? पितो का? घरच्यांना याची भीती वाटते का? "आणि डॅडी, इथे पहिली बंदूक कोणी आणली माहितीये? पोर्तुगीजांनी!" त्याला हसू आलं होतं, म्हणजे आम्हाला क्रूस आणि आडनाव, त्यांना बंदूक. पुढे तिथल्या एका सत्ताधीशाने शेतकऱ्यांची सगळी हत्यारं काढून घेतली, म्हणाला, या लोखंडाचे बुद्धाच्या देवळासाठी खिळे करतो... खिळे. त्याने पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

तो तिसरा प्रश्न मात्र सकाळपासून कुसळासारखा टोचत होता. माझ्या घरी कोणी विचारलं असतं तर? कुंपणावरून रोनाल्डशी वाजलं, तेव्हा मी बंदूक घेऊन अंगणात उभा राहिलो होतो — सख्ख्या भावासमोर. रिकामीच होती, मी काय वेडा होतो? पण ती रिकामी आहे हे कार्मेलला कुठे ठाऊक होतं...

कार्मेल स्वयंपाकघरात कोलंबी सोलत होती. तो दारात उभा राहिला.

"पोलिसांनी तुला विचारलं असतं, नवऱ्याला घाबरतेस का, तर काय सांगितलं असतंस?"

"आज काय हे नवीन?" तिचे हात थांबले. "खरं सांगू? तू बंदूक घेऊन अंगणात उभा राहिलास ना, तेव्हापासून तुझं नि रोनाल्डचं वाजलं की मी काडतुसं तांदळाच्या पिंपात लपवायची. तू शांत झालास की परत डब्यात. आज तू बंदूक परत आणायची पावती घेऊन फिरतोयस, आणि मी सकाळपासून पिंपाकडेच बघतेय."

त्याची मूठ मिटली. राग यायला हवा होता — नेहमीसारखा, कानशिलातून. आली ती लाज. वीस वर्षं ही बाई एकटी माझ्या रागाशी झुंजत होती, आणि मी उंदरांना सापळे लावत होतो! पण लाजेच्या मागोमाग काहीतरी हलकंही झालं... तिने सांगितलं. तोंडावर, न घाबरता.

"बंदूक कायमची सरकारजमा करता येते म्हणे," तो म्हणाला. "अर्ज द्यावा लागतो."

"मग?"

"बघतो."

"बघ. आणि जाताना रोनाल्डकडे ही थोडी कोलंबी दे. जास्त आणलीय."

पावती आणि तो दाणा त्याने एकाच खिशात टाकले. रोनाल्डच्या दारावरून रस्ता जवळचा. वीस वर्षं तो मागच्या गल्लीनेच जात आला होता. आज फाटकापाशी कोलंबीचा डबा घेऊन उभा राहिला, तर छाती धडधडत होती. आपण घाबरवत नाही, घाबरलोय, त्याच्या लक्षात आलं — आणि त्याला बरं वाटलं.