वजा तिसरा हिस्सा

वकीलबाईंनी कॅल्क्युलेटर बाबांपुढे धरला आणि त्यावरच्या भरपाईच्या आकड्यातून लगेच तिसरा हिस्सा वजा केला. बाबांचा चेहरा पडला. खिळे-स्क्रूंच्या दुकानात उभा जन्म घासाघीस करण्यात गेलेला माणूस तो. डोळ्यांदेखत रक्कम घटलेली त्याला कशी सोसावी?

"हे कशाचं कापलंत?"

"मिसेस असत्या तर त्यांनी स्वतःवरही खर्च केलाच असता ना? तेवढा घरच्यांचा तोटा धरत नाहीत."

पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला गेलेली आई परत आली नव्हती. भुलीच्या औषधाचं प्रमाण चुकलं होतं. तिच्या घरकामाचं मोल, जगायची राहिलेली वर्षं, सगळं आता मांडून झालं होतं. शेजारी बसलेली मुलगी कॉलेज सोडून तेच घरकाम ओढत होती. भरपाई मिळाली की कामाला कुणाला तरी ठेवायचं आणि तिनं पुन्हा शिकायला जायचं, असं ठरलं होतं. त्या आकड्यात तिचाही जीव अडकला होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"स्वतःवर त्या फारसा खर्च करत नसत, असं शपथेवर सांगितलंत तर वजावट कमी करून मागता येईल," वकीलबाई म्हणाल्या.

"छे! चांगली हौशी होती," बाबा घाईघाईनं म्हणाले. "चपला म्हणा, पर्स म्हणा... मी कधी हात आखडता घेतला नाही."

मुलगी बघतच राहिली. एवढ्या रकमेवर पाणी सोडायचं, तेही धडधडीत खोटं बोलून! तिला संताप आला.

"आणि आईचा चष्मा, बाबा?"

बाबांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग रुमालाची घडी घालत बसले. ती काही नीट बसेना.

"काडी मोडली होती," शेवटी ते म्हणाले. "दोरा बांधून वापरायची. मी म्हटलं, दिसतंय ना? मग झालं."

वकीलबाईंनी लिहून घेतलं. "चांगलं आहे. आणखी?"

"दाढ दुखायची. मिठाच्या पाण्यानं चूळ भर म्हणालो."

"हं. आणखी काही?"

"तो दवाखाना मीच शोधला. दुसरा महाग होता."

पेन थांबलं. मुलीनं मान वर केली.

"हे नको," वकीलबाई हलकेच म्हणाल्या. "हे आपल्याला लागत नाही."

"लागतं," बाबा म्हणाले. "लिहा तुम्ही."