चार फुटांचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे, आणि आता जेमतेम चार फूट उरलो आहे.

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, देमाकजवळच्या गावात तुकिरान सुताराने मला स्वतःच्या लग्नाच्या वर्षी घडवलं. तेव्हा मी सात फुटी होतो.

"एवढा उंच कशाला? घरात हत्ती बांधणार आहात का?" बायको वागिनेमने विचारलं.

"माझा जनाजा खांद्यावरून निघेल, तेव्हा कुणाला वाकावं लागू नये," तो म्हणाला. नव्या नवरीशी बोलायची ही रीत नव्हे. पण आमच्याकडे जनाजा अंगणात उंच धरतात आणि मुलं-नातवंडं त्याखालून तीनदा जातात. तुकिरानला ते मानाने व्हायला हवं होतं.

समुद्र तेव्हा लांब होता. भातशेतं गिळत, मग कोळंबीची तळी गिळत तो आला. जग तापतंय, पाणी चढतंय, तुमची जमीन खचतेय, असं रेडिओ सांगायचा. भरती घरात शिरली तेव्हा तुकिरानने माती टाकून जमीन फूटभर उचलली. छप्पर उचलणं परवडेना, म्हणून त्याने मला खालून कापलं. ज्या हाताने रंधा मारला, त्याच हाताने करवत चालवली. शेजाऱ्यांनीही आपापली जमीन उचलली, गावाने रस्ता उचलला, आणि सगळं पाणी पुन्हा आमच्याकडे वळलं. असा मी तीनदा कापला गेलो.

"आपल्याच घरात शिरताना रोज कुणाच्या पाया पडतेय मी, कोण जाणे," वागिनेम म्हणायची.

एकदा शहरातून एक साहेब आले. माझ्या चौकटीवर त्यांचं डोकं आपटलं, तरी हसून म्हणाले, "किती छान जुळवून घेतलंत तुम्ही." त्यांनी खारफुटीची रोपं लावली, फोटो काढले. पुढच्या मोठ्या भरतीत रोपं वाहून गेली. फोटो असतील कुठेतरी.

मुलगा प्रयित्नो डोंगराकडे राहायला गेला होता. दर ईदला विनवायचा, "बाबा, चला आता." तुकिरानचं उत्तर ठरलेलं. "मी याच दारातून जाणार. आडवा."

तो गेला तेव्हा दुपारची भरती होती. घरात चौघांना ताठ उभं राहता येईना. जनाजा गुडघ्यांवर पेलत, माझ्या चौकटीला घासत बाहेर काढला. अंगणात कमरेएवढं पाणी होतं. तिथे तो उंच धरला. छोटी नात लस्मी बापाचा, प्रयित्नोचा हात धरून, हनुवटी वर काढून एकदा खालून गेली. दुसऱ्या वेळी तिच्या नाकातोंडात पाणी शिरलं.

"पुरे," वागिनेम म्हणाली.

"आई, तीनदा जावं लागतं."

"मला शिकवू नकोस. पोरीला बुडवून कसला मान?" मग तिने विचारलं, "तुझ्या घराचं दार केवढं आहे रे?"

"उंच आहे की."

"मग आजच ने मला. मेल्यावर अशी घासत नको. जिवंतपणी ताठ चालत बाहेर पडते."

दफन आटोपून ती आपली पेटी न्यायला आली. निघताना तिला माझ्याखालून वाकावंच लागलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मला जपू नका, मला समुद्र नेणार आहे. पण कुणाच्या घरात तुम्हाला वाकून शिरावं लागलं, तर त्याच्या चिकाटीचं कौतुक करू नका. ज्यांच्या धुराने जग तापलं, त्यांच्या दारांना अजून करवत लागलेली नाही. तुमचं दार त्यांतलंच आहे का, ते घरी जाऊन बघा.