सोनेरी कडांचं बायबल

एरॉल बोलायला लागला की माडावरचे कावळे उठून शेजारच्या वाडीत जात. पण बायबलवर बोलायला वाडीत त्याच्याइतकं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून फादर व्हिव्हियननी सोनेरी कडांचं कोरं बायबल त्याच्याच हाती दिलं. रीत अशी ठरली: बायबल बारा घरं फिरायचं, दर आठवड्याला एक घर. घराने आपला वाटा वाचायचा, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेलं झावळीचं आशीर्वादित पान खूण म्हणून पुढे सरकवायचं आणि रोजरीच्या प्रार्थनेनंतर ग्रंथ शेजारी द्यायचा. पहिलं घर एरॉलचं. वाडीचा प्रमुख या मानाने शेवटचा, तेरावा आठवडाही त्याचाच. मग बायबल-रविवारी मिरवणुकीत ग्रंथ त्याने उचलायचा आणि फादर उघडतील ते पान सगळ्या चर्चसमोर वाचायचं.

त्या मानासाठी त्याने नवा सदरा शिवला होता.

बारा घरं फिरून ग्रंथ परत आला. शेवटच्या आठवड्याच्या सोमवारी त्याने तो उघडला तर आत झावळीचं पान अगदी शेवटाला आणि पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली! कोऱ्या पुस्तकाची सोनेरी कड जशीच्या तशी, अखंड; पानं कुणी सोडवलीच नव्हती.

"ग्रेसी, बघ! अख्ख्या वाडीने देवाला फसवलं!"

बायको बोंबील साफ करत होती. "उत्पत्ती बघा आधी. तो आपला वाटा होता."

उत्पत्तीचं पहिलं पान तेवढं मोकळं होतं. देवाने प्रकाश केला होता आणि एरॉलने पुस्तक मिटलं होतं.

रविवारी फादरांनी उघडलं की टर्रकन आवाज होणार, तोही माइकवर! एरॉलने सुरी घेतली. पण घाई केली की पान फाटे. हळूहळू सोडवावं तर नजर ओळींवर पडे. दुपारी ग्रेसी जेवायला बोलवायला आली, तेव्हा तो अडकला होता मसुरीच्या वरणापायी थोरलेपण विकणाऱ्या एसावात.

संध्याकाळी शेजारची बेटी आली. "एरॉल, माझा चष्मा राहिला का रे त्यात?" चष्मा नाकावरच होता आणि पदराखाली सुरी.

बुधवारपर्यंत बाराही घरं आपापल्या सुऱ्या घेऊन एरॉलच्या ओट्यावर. एकाने सोडवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. देवाने सगळं हिरावून घेतलेल्या ईयोबावरून तर अशी भांडणं झाली की दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, ऐकणं मात्र नाही. शनिवारी उरलं फक्त तोबितचं पुस्तक, बेटीचा वाटा. तोबितचा मुलगा नदीत पाय धुतो आणि भलामोठा मासा त्याचा पाय गिळायला झेपावतो... इतक्यात रोजरीची घंटा झाली.

रविवारी फादरांनी डोळे मिटून ग्रंथ उघडला. नेमका मासा झेपावलेला आणि पुढचं पान घट्ट!

एरॉलच्या नव्या सदऱ्याला घाम फुटला. "फादर, हे पान आम्ही वाचलेलं नाही."

"आणि बाकीची?"

"या आठवड्यात वाचली. आधी नुसतंच झावळीचं पान सरकवत होतो. पहिला मीच."

फादरांनी ग्रंथ नाकाशी नेला. "गेल्या वर्षी ज्या वाडीची पाळी होती, तिने पानं मोकळी दिसावीत म्हणून तोंडाला लावायची पावडर घातली होती. महिनाभर वेदीला लग्नाच्या वऱ्हाडाचा वास येत होता. या ग्रंथाला बोंबलाचा येतोय. म्हणजे कुणीतरी घरी उघडलाय." त्यांनी ग्रंथ परत त्याच्या हाती दिला. "सोडव. इथेच."

एरॉल नखाने पान सोडवू लागला. अख्खं चर्च थांबलं होतं. शेवटी तिसऱ्या बाकावरून बेटीला राहवेना.

"अरे, माशाचं काय झालं ते सांग ना! आणि मोठ्याने वाच!"