पाच नावांचा कागद

मास्तर मंडळींनो, आणि पोरांना शाळेत घातलं की आपलं काम संपलं असं समजणाऱ्या आयाबापांनो, शेवटच्या ओळीतली पोरं तुम्ही सगळ्यांनी बघितली आहेत. त्यांचं नाव हजेरीपुरतं घेतात, पण काही उचलायचं, झाडायचं असलं की पहिली हाक त्यांनाच! देवणीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका गावात अशीच शाळा होती. तिथं शेवटच्या ओळीकडं पाणी भरायचं काम होतं.

लातूर जिल्हा नवा होऊन वर्षच झालं होतं. जिल्हा नवा आला, पाऊस काही आला नाही. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. टँकर अकराला यायचा आणि अकराचाच तास गणिताचा. चौथीचे नरसिंग गुरुजी म्हणायचे, "उठा महाराणी! घागरी उचला. तुम्हाला गणित काय अन् पाणी काय, निम्मं वाटंत सांडणारच!" वर्ग खदाखदा हसायचा. दानम्मा आणि कोंडा, दोघी पोरी मुकाट घागरी उचलायच्या.

गुरुजी वाईट नव्हते, बरं का. ताप अंगात घेऊन शाळेत येणारा माणूस. पण माणूस कष्टाळू असला म्हणजे त्याची नजरही नीट असते, असं कुठं आहे? दानम्माला काही विचारलं की ती खाली बघायची, ओठ हलवायची. गुरुजी मनात दोनपर्यंत मोजायचे आणि म्हणायचे, "बस खाली."

दिवाळी झाल्यावर त्यांनी तिच्या आईला बोलावलं. नागम्मा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायची. अंगावरची धूळ न झटकताच ती आली.

"बाई, पोरगी ढ हाय," गुरुजी म्हणाले. "उगं कशाला बसवतीस? तुझ्यासंगं कामाला ने."

"खडी कुठं पळून चालली का, गुरुजी?" नागम्मा म्हणाली. "उन्हाळ्यापत्तुर बसू द्या. नापास झाली तर मीच तिच्या हातात हातोडा देते. पण तवर न्हाई."

त्याच महिन्यात नांदेडहून मन्मथ सर आले. कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे, म्हणजे माणसाचं मन कसं चालतं त्याचा अभ्यास करणारे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीची परवानगी काढून आले होते. त्यांनी पोरांपुढं चित्रांचे कागद ठेवले, तासभर परीक्षा घेतली आणि चहा पिऊन गेले. आठ दिवसांनी गुरुजींना कागद आला. लिहिलं होतं, 'पुढील पाच मुलांची बुद्धी या वर्षी झपाट्याने उमलेल असे दिसते. मुलांना व पालकांना हे सांगू नये.' तिसरं नाव दानम्माचं!

गुरुजी मोठ्यानं हसले. मग त्यांची नजर खालच्या शिक्क्यावर गेली आणि हसणं थांबलं. आपल्याकडं देवाच्या कौलाला माणूस दोनदा विचारील, पण कचेरीच्या शिक्क्याला नाही.

दुसऱ्या दिवसापासून दानम्मा पुढच्या ओळीत बसली. तिची घागर कोंडाकडं गेली; एक डोक्यावर, एक कमरेवर. ते कुणाच्या नजरेत आलं नाही.

"दानम्मा, हौदात एकशे चव्वेचाळीस घागरी पाणी, गावात अठरा घरं. घराला किती?"

ती उभी राहिली. खाली बघितलं, ओठ हलवले. या वेळी गुरुजींनी दोनपर्यंत मोजून 'बस खाली' म्हटलं नाही. कागद म्हणतो पोरीत काही आहे, तर असणारच! ते तिच्याजवळ वाकले, कान दिला. पोरगी पुटपुटत होती, पण मराठीत नाही. घरी बोलायची त्या कानडीत हिशेब चालला होता. शेवटी म्हणाली, "येंटू..." आणि लगेच, "आठ, गुरुजी."

आता गुरुजींना उमगलं. पोरगी गणित कानडीत सोडवायची आणि उत्तर मराठीत आणून द्यायची! त्या येण्याजाण्याला लागणारा वेळ म्हणजे तिचा ढपणा, असं ते इतके दिवस समजत होते!

मग काय विचारता! दानम्माचं बरोबर आलं की गुरुजी हसायचे, चुकलं की दुसऱ्यांदा समजावायचे. होळीपर्यंत तिची मान वर झाली. वार्षिक परीक्षेत पोरगी वर्गात दुसरी आली. देवणीला पाचवीत जायचं पक्कं झालं.

एप्रिलमध्ये मन्मथ सर परत आले, पुन्हा परीक्षा घेतली. पाचांतली चार पोरं बाकीच्यांना मागं टाकून गेली होती. गुरुजींनी नागम्मालाही कौतुकानं बोलावून घेतलं.

"सर, तुमच्या परीक्षेपुढं हात जोडले! माझ्या नजरेला जे दिसलं न्हाई ते तुमच्या कागदाला दिसलं!"

सरांनी चष्मा काढला. "गुरुजी, मला माफ करा. ती नावं परीक्षेतून आलीच नव्हती. पटावरच्या सगळ्या पोरांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून मी पाच उचलल्या होत्या."

"काय!"

"अमेरिकेत एका मानसशास्त्रज्ञानं असंच करून बघितलं होतं. मास्तरांना नुसतं सांगितलं, ही पोरं चमकणार. वर्षानं बघितलं तर खालच्या वर्गांतली तसली पोरं खरंच पुढं गेलेली. पोरं तीच, पुस्तकं तीच. ज्याच्याकडून आपण आशा धरतो त्याच्यासाठी आपण थांबतो, हसतो, पुन्हा विचारतो. आपल्यालाही ते कळत नाही. पण पोराला कळतं."

केवढी ही ताकद! ना दिसणारी, ना मोजता येणारी, आणि रोज पन्नास पोरांवर चालणारी! गुरुजी भिंतीला टेकून खाली बसले.

नागम्मा पुढं झाली. "साहेब, तुम्ही लई शिकलेले. पण एक सांगा. माझ्या लेकीची चिठ्ठी निघाली म्हणून ती शिकली. कोंडाची न्हाई निघाली, तिचं काय? ती परीक्षेला बसलीच न्हाई. तवापासनं माझ्या शेजारी खडी फोडून राहिली! लेकरांच्या बी चिठ्ठ्या टाकायच्या असत्यात व्हय?"

सरांची मान खाली गेली. "चुकलंच, बाई," एवढंच ते बोलले. गुरुजी तर उठले, तो कागद फाडला आणि चपला न घालताच निघाले.

रस्त्याच्या कामावर कोंडा आईजवळ बसली होती. बोटाला चिंधी बांधलेली. तिची आई भामाबाई हातातला हातोडा न थांबवता म्हणाली, "शाळेतली पोरं पळत येऊन समदं सांगून गेली, मास्तर. माझ्या पोरीचं नाव न्हाई तुमच्या कागदात."

"तो कागद फाडला, भामाबाई. पोरगी ढ नव्हती, ढ मी होतो. तास चालू असताना तिला पाण्याला पाठवलं अन् वर म्हणत होतो, हिला गणित येत न्हाई! जूनमधी तिला माझ्या वर्गात धाडा. आता पाणी मी भरीन."

कोंडानं हळूच विचारलं, "मला जमंल का, गुरुजी?"

"जमंल! न्हाई जमलं तर पुन्हा शिकवीन. पगार त्याचाच घेतो मी."

भामाबाईचा हातोडा थांबला. तिनं पदरानं लेकीच्या तोंडावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "जा. आत्ताच जा त्यांच्यासंगं."

तर लोकहो, शाळा असो की घर, पोराला नाव ठेवण्याआधी जीभ दाताखाली धरा. ज्याला तुम्ही हुशार म्हणाल ते हुशार होऊ बघेल आणि ज्याला ढ म्हणाल ते तुमचा शब्द खरा करून दाखवील. लेकरं लई आज्ञाधारक असतात.